तापीच्या काठचा डावा जबडा

मी ड्रॉईंग मास्तर होतो. धुळ्याच्या एका हायस्कुलात उभा जन्म मुलांना तांब्या, कुंडी आणि पेरूची फांदी काढायला शिकवण्यात गेला. या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो… आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. पिंपळाखालची बाई, विहिरीतली हाक, उलट्या पावलांचा वाटसरू — यांतलं कोणी मला कधी भेटलं नाही. उतारे, गंडेदोरे, अंगात येणं यांवरून मी घरात भांडणं केलेली आहेत. माझ्या लग्नात पत्रिका बघू दिली नाही म्हणून एक काका वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते.

तरीही हे लिहायला बसलोय. माझी थोरली बहीण, अक्का, गेल्या चैत्रात गेली. चांगली म्हातारी होऊन, पतवंडं बघून गेली. ती होती तोवर म्हणायची, “हाई कोनले सांगू नको रे भाऊ, लोके हासतीन.” आता ती अडचण उरली नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण हे न सांगता मी गेलो तर तो कृतघ्नपणा होईल, असं मला अलीकडे फार वाटायला लागलंय.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा तिशीच्या आत होतो. धुळ्याला सहाव्या गल्लीत डॉक्टर बर्वे म्हणून एक गृहस्थ राहायचे. गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी संपल्यावर लोक पुण्याला जाऊन घर बांधतात, हे इथंच राहिले, कारण यांचा सगळा संसार इथं होता — आणि संसार म्हणजे कवट्या! बाहेरच्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर बैल, घोडा, उंट, काळवीट, कोल्हा, तरस, साळिंदर… सगळे दात विचकून बसलेले. मागच्या अंगणात एका मोठ्या हंड्यात कुठल्या ना कुठल्या जनावराचं डोकं सोडा घालून उकळत असायचं. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून भांडायला यायच्या. डॉक्टर शांतपणे त्यांच्या म्हशीची चौकशी करायचे, आणि भांडण तिथंच मिटायचं, कारण म्हशी सगळ्यांच्या तेच बघायचे.

ते जनावरांच्या जबड्यांवर एक मोठा निबंध लिहीत होते आणि त्यांना चित्रं काढणारा हात हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं. मी दर रविवारी जेवण करून त्यांच्याकडे जायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बैलाची कवटी ठेवली आणि विचारलं, “मास्तर, वरचे पुढचे दात किती?”

मी मोजायला गेलो. एकही नव्हता. खेड्यात वाढलेला माणूस मी, जन्मभर गुरं बघितलेली, आणि गाईला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात हे मला ठाऊक नव्हतं! डॉक्टर खूष झाले. म्हणाले, “तुम्हाला वाटतं त्याचं चित्र काढू नका. जे दिसतं त्याचं काढा. इथं एवढा एकच नियम.”

मी तो नियम पाळला. दाढेवरच्या चंद्रकोरीसारख्या रेघा, झिजेचा उतार, हाडातून नस जाते तिथली बारीक भोकं, सगळं मोजून काढायचो. डॉक्टर शिकवायचेही. कोल्ह्याचा जबडा कात्रीसारखा वर-खाली चालतो, गाईचा आडवा फिरतो. नुसती दाढ हातात घेऊन जनावर काय खायचं, किती वर्षं जगलं, कोणत्या बाजूनं जास्त चावायचं, हे ते सांगत. मला रविवारची ओढ लागली.

आता अक्काचं सांगतो.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचं लग्न धरणगावला झालं तेव्हा पाठराखा म्हणून मी सोबत गेलो, तो परत घरी गेलोच नाही. तिथंच वाढलो, तिथंच शाळेत गेलो. माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कपाशीचे शेतकरी, मनानं फार मोठा माणूस. बायकोचा भाऊ घरात राहतो म्हणून त्यांनी मला एकदाही ओशाळं वाटू दिलं नाही.

त्या अक्काला तीन वर्षांपासून एक दुखणं लागलं होतं. डाव्या जबड्याखाली, हनुवटीच्या जरा मागे, एक गाठ आली, फुटली, वाहिली, सुकली. महिन्याभरानं पुन्हा आली. मग येतच राहिली. वैद्यांनी गंडमाळ म्हणून लेप दिले. अमळनेरकडच्या कोणीतरी डाग दिला, त्याचा चट्टा शेवटपर्यंत राहिला. आणि मग कोणीतरी क्षयाचं नाव काढलं… झालं. त्या दिवसापासून अक्कानं स्वतःचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, अंथरूण मागच्या पडवीत नेलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच ठरवलं. त्याच वर्षी बाळंतपणाला माहेरी आलेल्या तिच्या लेकीला मुलगी झाली, तिची पहिली नात. बाळ पाळण्यात रडत असायचं आणि अक्का पडवीच्या खांबाला टेकून लांबूनच गाणं म्हणायची.

मी दिवाळीत गेलो तेव्हा जेवण झाल्यावर सवयीनं तिचंही ताट उचलायला वाकलो. ती एकदम ओरडली, “मना ताटले हात नको लाऊ, भाऊ!”

तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो होतो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीच्या पुरानं काठ बराच कापला होता. शिंदखेड्याच्या पलीकडच्या एका गावचे सखाराम आबा, त्यांचं शेत नदीला लागून. काठ ढासळला तिथं पिवळ्या मातीत त्यांना एक हाड दिसलं. डॉक्टरांनी कधीतरी त्यांचा बैल वाचवला होता, आणि या माणसाला हाडांचं वेड आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून बैलगाडीतून आणून दिलं.

तो जबड्याचा उजवा अर्धा भाग होता. उचलला तर दगडासारखा जड, कारण हाडाचा खरोखरच दगड झालेला होता. डॉक्टरांनी तो खिडकीशी उजेडात नेला. “मास्तर, हे रानटी गुराचं आहे. आपल्या बैलाच्या दीडपट! माणसानं गाय दावणीला बांधली त्याच्या कितीतरी आधीचं.” गुरांचा खालचा जबडा म्हणजे दोन तुकडे, पुढे हनुवटीपाशी जोडलेले. तो सांधा काही पक्का नसतो. मांस गेलं की दोन्ही बाजू सुट्या होतात. त्यामुळे डावी बाजू तिथं नव्हती याचं आम्हाला नवल वाटलं नाही. आबांनी आजूबाजूला खणूनही बघितलं होतं. काही नव्हतं.

तीन रविवार खपून मी उजव्या भागाचं चित्र पुरं केलं. चौथ्या रविवारी डॉक्टर म्हणाले, “आता संपूर्ण जबडा डावीकडून कसा दिसेल ते काढा. डावी बाजू आपल्याकडे नाही, तेव्हा उजवीचीच उलटी करून काढायची, आणि तीही तुटक रेषेत. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ही आमची अटकळ आहे.” एवढं सांगून ते कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीकडे निघून गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. स्वच्छ ऊन, खिडक्या उघड्या, गल्लीत कल्हईवाल्याचा भाता चाललेला. मी ट्रेसिंग पेपरवर रेषा उतरवली, उलटी केली, ड्रॉईंग पेपरवर हलकी खूण करून घेतली आणि पेन शाईत बुडवलं. इथपर्यंत मला सगळं आठवतं.

त्यानंतर डॉक्टरांचा आवाज. “मास्तर, हे काय केलंत?”

मी मान वर केली. ऊन भिंतीवर चढलं होतं, साडेचार वाजून गेले होते. मोलकरणीनं ठेवलेल्या चहावर साय धरली होती. मला वाटत होतं मी आत्ताच बसलोय.

कागदावर डावी बाजू तुटक रेषेत नव्हतीच. समोर ठेवून काढावी तशी पूर्ण, छायेसकट काढलेली होती. आणि मागून दुसऱ्या दाढेच्या खाली, हाडाच्या खालच्या कडेपासून थोडं वर, एक भोक होतं. करंगळीचं टोक जाईल एवढं, लंबगोल. भोवतालचं हाड फुगलेलं, खडबडीत. उजव्या भागावर असं काहीही नव्हतं.

डॉक्टर संतापले. “मी काय सांगितलं होतं? दिसतं तेच काढायचं! हे कुठून आणलंत?”

हात माझा, शाई माझी, रेषाही माझ्याच वळणाची. मी माफी मागितली, डोळा लागला असेल असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी तो कागद माझ्याकडून तारीख घालून घेतला आणि कपाटात टाकला. बहुधा पुढे कधी मला खडसावायला उपयोगी पडावा म्हणून.

पुढच्या रविवारी ते स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. नवा कागद. मी मनाशी ठरवलं होतं की भोक काढायचं नाही. सुरुवात केली… या वेळी मी जागा होतो, हे मी शपथेवर सांगेन. गल्लीतले आवाज ऐकू येत होते. पण हात माझं ऐकत नव्हता. माझ्या स्वतःच्या डाव्या जबड्यात, खोल हाडात, ठसठस सुरू झाली होती. माझे दात तेव्हा ठणठणीत होते. भीती मात्र वाटली नाही, हे विशेष. दुपारी बाभळीच्या सावलीत गुरं रवंथ करत बसतात ना, त्यांच्याजवळ बसल्यावर जसं निवांत वाटतं, तसं काहीसं वाटत होतं. भोक पुरं झालं आणि ठसठस थांबली.

डॉक्टर उठले. कपाटातून आधीचा कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले, कॅलिपर घेऊन मापं घेतली. मग चष्मा काढून पुसला.

“तुम्ही उजव्या जबड्याकडे एकदाही बघितलं नाहीत,” ते म्हणाले. “आणि दोन्ही चित्रांत भोक एकाच जागी आहे. केसाचाही फरक नाही. मास्तर, तुम्ही असं हाड पूर्वी कुठं बघितलंय?”

“नाही. हे असतं तरी काय?”

“दाढेचं गळू. वरून दाढ कधीकधी धड दिसते, दुखतही नाही. पण मुळाच्या टोकाशी पू होतो. त्याला वाट हवी असते, मग तो हाड पोखरून खालून बाहेर पडतो. म्हाताऱ्या बैलात मी दोनदा बघितलंय. मालक बिचारा खालच्या गाठीला लेप लावत बसतो. गाठ फुटते, सुकते, पुन्हा येते. वर्षानुवर्षं चालतं. दाढ काढेपर्यंत ते बरं होत नाही.”

मी जागेवरून उठलो. टेबलाला धक्का लागून शाई सांडली, तिकडे माझं लक्षच नव्हतं. “माणसात होतं हे? डॉक्टर, माणसात होतं का?”

मी अक्काचं सगळं सांगितलं. तीन वर्षं, लेप, डाग, वेगळं ताट. डॉक्टरांनी एकच विचारलं, “ती जेवताना कोणत्या बाजूनं चावते?”

मी आठवून बघितलं. दिवाळीत ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. डावा गाल हलत नव्हता.

“मी गुरांचा डॉक्टर,” ते म्हणाले, “माणसाच्या तोंडात हात घालायचा मला अधिकार नाही. पण जळगावला एक दातांचे डॉक्टर आलेत, मुंबईला शिकलेले. चिठ्ठी देतो. उद्याच निघा.”

हेडमास्तरांकडे रजेचा अर्ज टाकून सोमवारी सकाळच्या गाडीनं निघालो. चाळीसगावला गाडी बदलली, जळगावला पुन्हा बदलली, धरणगावला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दाजी ओट्यावर कपाशीच्या गाठोड्याजवळ बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. चित्राचं मात्र बोललो नाही. एका जाणत्या डॉक्टरनं सुचवलंय, एवढंच म्हणालो.

अक्का पडवीतून ऐकत होती. हसली. “दात ते बठ्ठा धड शेतस मना. दुखत बी नही. ढोरेसना दात दखी दखी तुले मानसं बी ढोरं दिसाले लागनात का रे?”

“अक्का, एकदा दाखवून तर बघू.”

“तीन वरीस दखाडं. आते बस व्हयनं.” हे मात्र ती हसून बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “दर बारले वाटस, आते बरं व्हई. मंग नही व्हत. माले आते तसं वाटूच द्यानं नही, भाऊ.”

औषधाला तिची ना नव्हती, पुन्हा आशा करायची तिला भीती वाटत होती. आत पाळण्यात नात कुरकुरायला लागली. अक्काचे डोळे तिकडे वळले, पाय मात्र जागचे हलले नाहीत. दाजींनी ते बघितलं. ते उठले आणि म्हणाले, “सकाळनी गाडीले जाऊत. मी बी येस. हाई शेवटनं, मंग तुले कोनी काही म्हनाव नही.”

जळगावच्या त्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, अक्काला खुर्चीत बसवलं आणि एका बारीक दांडीनं एकेका दाढेवर ठोकत गेले. टक्, टक्, टक्… आणि एका दाढेवर आवाज बद्द आला. अक्का दचकली. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग गालाखालच्या जखमेतून चांदीची एक बारीक सळई अलगद आत घातली. ती वर वर गेली आणि नेमकी त्या दाढेच्या मुळाशी अडली.

“बाई, तुम्हाला गंडमाळ नाही,” ते म्हणाले. “क्षयही नाही. एक दाढ कुजली आहे, बस.”

दाजींनी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

हिरडीत सुई टोचून, बधिर करून दाढ काढली. वरून बघितलं तर पांढरीशुभ्र, कीड नाही, काही नाही. मुळाच्या टोकाला मात्र वाटाण्याएवढी पिशवी लोंबत होती. अक्कानं ती दाढ तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. एवढ्याशा गोष्टीनं आपली तीन वर्षं खाल्ली, हे तिला खरं वाटत नसावं.

जखम तीन आठवड्यांत भरली. पुन्हा उघडली नाही, मरेपर्यंत नाही. पण अक्का सावध बाई. तिनं आणखी महिनाभर वाट बघितली. संक्रांतीला मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात चुलीपुढे होती, मांडीवर नात, आणि नातीच्या मुठीत अक्काच्या पदराचं टोक. मला बघून म्हणाली, “बस, भाकर गरम शे.” मी बसलो. तिनं भाकरी मोडून ताटात टाकली आणि त्यातलाच एक घास स्वतःच्या तोंडात घातला. मी खाली मान घालून जेवलो, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

इथवर जे घडलं त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. अक्काची जखम माझ्या मनात घर करून बसलेली, डोळ्यांसमोर सतत जबडे. मनातलं हातातून कागदावर उतरलं, त्यात अमानवीय काय? डॉक्टरांनाही ते पटलं होतं. आम्ही दोघांनी तो विषय मिटवून टाकला.

मग पुढच्या वर्षीचा पाऊस आला, तापीला पुन्हा पूर आला, आणि दसऱ्याच्या सुमारास सखाराम आबा पुन्हा गाडी घेऊन दारात उभे.

“डाक्टरसाहेब, तुमना दुसरा तुकडा सापडना!”

पहिला तुकडा मिळाला होता तिथून पुष्कळ खाली, नव्यानं कापलेल्या काठात तो रुतलेला होता. कठीण चुनखडी मातीत अर्धा गाडलेला. पहारीनं माती फोडून काढावा लागला, असं आबा म्हणाले. त्या जागी मी कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं, आणि आदल्या वर्षी तर तो तुकडा कुणाच्याच नजरेला पडणं शक्य नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही भाग पुढून जुळवले. बसले. दाढा तेवढ्याच, रंगही तोच. एकाच जनावराचा जबडा, शंका नको. डाव्या भागाच्या बाहेरच्या अंगावर दगडासारखी माती चिकटलेली होती. ती डॉक्टर सुईनं टोकरायला लागले. मी समोर बसून होतो. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. तासाभरानं मागून दुसऱ्या दाढेच्या खाली सुई खचकन आत गेली.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. “मास्तर, कपाटातून ते कागद आणा.”

लंबगोल भोक. भोवतालचं हाड फुगलेलं, खडबडीत. कॅलिपर त्यांनी तीनदा लावून बघितला.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझा लावलेला अर्थ टिकत नाही. अक्काची जखम पुढे होती, हनुवटीच्या जवळ. तिची दाढ मागून तिसरी निघाली होती. माझ्या मनातून अक्काचं दुखणं कागदावर उतरलं असतं, तर भोक पुढे पडायला हवं होतं. मी काढलं होतं ते या जनावराचं.

डॉक्टरांनी नंतर बरीच खटपट केली. उजव्या दाढा जास्त झिजल्या होत्या, म्हणजे जनावर डावीकडून चावणं टाळत होतं. ही झीज मी चित्र काढताना तीन रविवार बघितली होती, तेव्हा डोळ्यानं काहीतरी ताडलं असेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, असेल. पण झिजेवरून भोकाची नेमकी जागा कशी ताडणार? निबंधात त्यांनी जबड्याचं वर्णन दिलं, भोकाचं दिलं, माझ्या त्या दोन चित्रांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. “हे मला लिहिता येणार नाही,” एवढंच म्हणाले. माझी त्याला हरकत नव्हती.

अक्काला मी आता सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिनं फक्त म्हटलं, “माले दखाड.” मग मार्गशीर्षात दाजी तिला धुळ्याला घेऊन आले. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना ती एवढ्या कवट्या बघून दारातच थबकली, मग पदर सावरून सरळ टेबलापाशी गेली. डॉक्टरांनी जबडा तिच्यापुढे ठेवला. तिनं बोट त्या भोकावर ठेवलं. शोधावं लागलं नाही.

“गायच शे ना हाई?” तिनं विचारलं.

“गाय की बैल, ते जबड्यावरून सांगता येत नाही, अक्का,” डॉक्टर म्हणाले.

“गायच शे,” अक्का म्हणाली. मग बोट तिथंच ठेवून, “हिनी दाढ कोनी काढी मंग?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “कोणी नाही. तेव्हा गुरांची दाढ काढणारा माणूसच नव्हता इथं. दुसऱ्या बाजूनं चावून दिवस काढले असतील तिनं.”

गोठ्यात दुखऱ्या गाईच्या गळ्याखालून बाया हात फिरवतात, तसा अक्का त्या दगडावरून हात फिरवत राहिली. डॉक्टर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दाजींनी टोपी काढून हातात घेतली होती.

हे कसं घडलं, ते मला माहीत नाही. डॉक्टर गेले, त्यांनाही याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. हजारो वर्षं चिखलात पडलेलं एक मुकं जनावर ड्रॉईंग मास्तरच्या हातातून काही सांगेल, यावर तर नाहीच नाही. फक्त एवढंच, की त्यानंतर अक्का खूप वर्षं जगली, दोन्ही बाजूंनी चावून जेवली, आणि त्याबद्दल आभार मानायला मला त्या जनावराशिवाय दुसरं कोणी सापडत नाही.